फक्की टाकण्यापूर्वी : आयताचा आणि चौरसाचा कर्ण असा काढावा

दिवाळी आटोपली, वावरातला कापूस घरात येऊ लागला आणि काळी जमीन वाळून घट्ट झाली की आमच्याकडे बांधकामाचे दिवस सुरू होतात. कोणाचे घरकुल मंजूर झालेले असते, कोणाला गुरांचा कोठा वाढवायचा असतो, तर कोणाला अंगणाच्या कडेला आणखी एक खोली काढायची असते. मिस्त्री येतो, बाभळीच्या चार खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो आणि दोरीखालून पांढरी फक्की टाकली जाते. त्या रेघेवर पाया खणला जातो, पायावर भिंती चढतात, आणि रेघेत राहून गेलेली चूक मग घर उभे असेपर्यंत घरातच राहते. ती चूक फक्की टाकण्याआधीच पकडण्याचे सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचे साधन म्हणजे कर्ण, म्हणजेच आयताच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधले तिरपे अंतर. बांधकामावर याला कोनाकोनीचे माप म्हणतात.

कर्णाचे सूत्र शाळेत शिकलेले असते आणि बहुतेकांच्या ते लक्षातही असते. माझा अनुभव असा आहे की चूक सूत्रात होत नाही. ती होते सूत्रातून आलेला आकडा टेपवर उतरवताना. म्हणून या लेखात सूत्र थोडक्यात सांगून त्यानंतरच्या कामावर अधिक भर दिला आहे.

सूत्र आणि त्यामागचे कारण

आयताच्या लांबीचा वर्ग करावा, रुंदीचा वर्ग करावा, दोन्ही वर्गांची बेरीज करावी आणि त्या बेरजेचे वर्गमूळ काढावे. येणारी संख्या हाच कर्ण. वर्ग करणे म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणणे, आणि वर्गमूळ म्हणजे स्वतःनेच गुणल्यावर ती बेरीज देणारी संख्या. ३ फूट रुंद आणि ४ फूट लांब आयत घेतला तर ९ आणि १६ मिळून २५ होतात, आणि २५ चे वर्गमूळ ५. म्हणून कर्ण ५ फूट. हे का होते ते क्षेत्रफळातून चांगले समजते. ३ फुटांच्या बाजूवर उभा केलेला चौरस ९ चौरस फुटांचा असतो, ४ फुटांच्या बाजूवरचा १६ चौरस फुटांचा, आणि कर्णाला बाजू मानून काढलेला चौरस या दोघांच्या बेरजेइतका, म्हणजे बरोबर २५ चौरस फुटांचा भरतो.

शाळेत आपण याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रात हेच नाते दोरीच्या भाषेत सांगितलेले आहे : आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी जेवढे क्षेत्र निर्माण करते, तेवढेच क्षेत्र त्याची लांब आणि आखूड बाजू वेगवेगळी निर्माण करून एकत्र करतात. शुल्ब म्हणजे दोरी, आणि ही सूत्रे यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेली आहेत. मला याचे महत्त्व वाटते ते यासाठी की खुंटी आणि दोरी घेऊन जमिनीवर आखणी करणाऱ्या माणसालाच या नियमाची पहिली गरज होती, आणि आजही आखणीच्या वेळी तो मिस्त्रीच्या हातात असलाच पाहिजे. भुज, कोटी (काटकोनाच्या दोन बाजू) आणि कर्ण हे शब्द भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तही याच अर्थाने येतात.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

समजा १६ फूट रुंद आणि २४ फूट लांब असा कोठा बांधायचा आहे. १६ गुणिले १६ म्हणजे २५६, आणि २४ गुणिले २४ म्हणजे ५७६. दोन्हींची बेरीज ८३२. आता ८३२ चे वर्गमूळ हवे.

मोबाइलवर हे सोपे आहे. वर्गमूळाचे चिन्ह दिसत नसेल तर अनेक मोबाइलमध्ये फोन आडवा धरल्यावर ते दिसू लागते. दुकानात गल्ल्यावर असतो तसा साधा कॅल्क्युलेटर वापरताना मात्र सावध राहावे, कारण १६ गुणिले १६ अधिक २४ गुणिले २४ असे एका दमात दाबले तर तो आधीच्या २५६ मध्ये २४ मिळवून आलेल्या २८० ला पुन्हा २४ ने गुणतो आणि ६७२० असे उत्तर दाखवतो. अशा कॅल्क्युलेटरवर आधी १६ गुणिले १६ करून एम प्लसचे बटण दाबावे, मग २४ गुणिले २४ करून पुन्हा एम प्लस दाबावे, त्यानंतर एम आर दाबून साठवलेली बेरीज, म्हणजे ८३२, पडद्यावर आणावी आणि शेवटी वर्गमूळाचे बटण दाबावे.

हाताशी काहीच नसेल तरी अडत नाही. २८ चा वर्ग ७८४ आणि २९ चा वर्ग ८४१. ८३२ ही संख्या ८४१ च्या जवळ आहे, म्हणून अंदाज २९ धरावा. ८३२ ला २९ ने भागले की २८.६९ येतात. खरे वर्गमूळ २९ आणि २८.६९ यांच्या मध्ये असते, म्हणून दोन्हींची सरासरी घ्यावी : २८.८४५. कॅल्क्युलेटर २८.८४४ दाखवतो. एकाच भागाकारात आणि एकाच सरासरीत आलेला हा फरक एका सुताहूनही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहूनही, लहान आहे. पहिला अंदाज थोडा दूरचा असेल तर आलेल्या सरासरीने पुन्हा एकदा भागून पुन्हा सरासरी काढावी. दुसऱ्या फेरीनंतर बांधकामासाठी आणखी काही करावे लागत नाही.

उत्तर आल्यावर एक नजर टाकण्याची सवय लावावी. कर्ण हा लांब बाजूपेक्षा नेहमी मोठा आणि दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा नेहमी लहान असतो. त्यातही तो लांब बाजूच्या सुमारे १.४१४ पटीहून अधिक कधीच होत नाही. २४ फुटांच्या कोठ्याचा कर्ण २४ आणि ३४ फुटांच्या मध्येच असला पाहिजे. ६७२० चे वर्गमूळ ८२ च्या जवळ येते; ते पाहताक्षणी चूक कळते.

दशांश आणि इंच : खरी चूक येथे होते

काही वर्षांपूर्वी मी माझ्या कोठ्याची आखणी करून घेत होतो. मापे हीच, १६ आणि २४ फूट. कॅल्क्युलेटरवर २८.८४ आले आणि मी ते मिस्त्रीला २८ फूट ८ इंच ४ सूत असे वाचून सांगितले. मिस्त्रीने माझ्यावर विश्वास ठेवून खुंटी तेवढ्यावर आणली. आम्ही चारही बाजू मोजल्या, त्या १६ आणि २४ फूटच होत्या. कर्ण मात्र एकच मोजला. भिंती चढल्यावर टिनपत्रे टाकण्याच्या दिवशी चूक उघडी पडली. शेवटचा पत्रा आडव्या भिंतीच्या एका टोकाला बरोबर कडेवर बसला आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला दोन इंच आत राहिला. पहिल्या पावसाळ्यात तेथून उतरलेल्या पाण्याने कोपऱ्यातले कुटार भिजून काळे पडले. पत्र्याचा दोष नव्हता, मिस्त्रीचाही नव्हता. तो आकडा मी चुकीचा वाचला होता.

२८.८४ फूट म्हणजे २८ फूट आणि एका फुटाचा ८४ शतांश भाग. फुटाचे इंच १२ असतात, १० नव्हे. म्हणून दशांशचिन्हानंतरचा भाग १२ ने गुणावा : ०.८४४ गुणिले १२ म्हणजे १०.१३ इंच. आता १० इंच बाजूला ठेवून उरलेला ०.१३ हा भाग ८ ने गुणावा, कारण इंचाचे सूत ८ : उत्तर १.०४, म्हणजे १ सूत. खरा कर्ण २८ फूट १० इंच १ सूत होता. मी सांगितलेले माप १ इंच ५ सूत कमी होते, आणि एवढ्या कमतरतेने १६ फुटांची भिंत जवळपास २ इंच तिरपी झाली.

उलट दिशेनेही हीच काळजी घ्यावी लागते. खोली १० फूट ६ इंच बाय १३ फूट ९ इंच असेल तर गणितात १०.६ आणि १३.९ असे लिहू नये. इंचांना १२ ने भागून ६ इंचांचे ०.५ आणि ९ इंचांचे ०.७५ करावे. १०.५ चा वर्ग ११०.२५, १३.७५ चा वर्ग १८९.०६, बेरीज २९९.३१ आणि वर्गमूळ १७.३०. म्हणजे १७ फूट ३ इंच आणि सुमारे ५ सूत. चुकीच्या पद्धतीने हेच गणित १७.४८ देते, आणि त्या दोन उत्तरांत २ इंचांहून अधिक अंतर आहे. दशांशांचा गोंधळ नको असेल तर सगळे माप आधीच इंचांत करून घ्यावे. १६ फुटांचे १९२ आणि २४ फुटांचे २८८ इंच करून काढलेला कर्ण ३४६.१३ इंच येतो, त्याला १२ ने भागल्यावर २८ फूट आणि बाकी १०.१३ इंच राहतात. आकडे मोठे होतात, पण माझ्या मते नवख्या माणसाने हीच पद्धत धरावी.

मीटरमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तेथे सगळे दहाच्या पटीत असते, ७.०७ मीटर म्हणजे ७ मीटर ७ सेंटीमीटर. अट एकच, की लांबी फुटांत आणि रुंदी मीटरमध्ये अशी सरमिसळ करू नये. ग्रामीण घरकुलासाठी किमान २५ चौरस मीटर क्षेत्राची अट आहे. तेवढे क्षेत्र ५ बाय ५ मीटरने भरते आणि ४ बाय ६.२५ मीटरनेही भरते, पण पहिल्याचा कर्ण ७.०७ मीटर आणि दुसऱ्याचा ७.४२ मीटर येतो. क्षेत्रफळ माहीत असले म्हणून कर्ण कळत नाही. दोन्ही बाजू माहीत असाव्याच लागतात.

चौरसाचा कर्ण

चौरसाच्या चारही बाजू सारख्या असल्याने गणित एका गुणाकारावर येते : बाजूला १.४१४२ ने गुणावे. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट; त्याचा कर्ण ४६.६७ फूट, म्हणजे ४६ फूट ८ इंच. एक आर जमीन चौरस असेल तर ती १० बाय १० मीटर आणि तिचा कर्ण १४.१४ मीटर. एक हेक्टर चौरस असेल तर कर्ण १४१.४२ मीटर.

फूट-इंचांत काम करणाऱ्यांसाठी याहून सोयीची एक युक्ती आहे. १ फूट बाजूच्या चौरसाचा कर्ण १७ इंचांच्या अगदी जवळ, १६.९७ इंच, असतो. म्हणून बाजू जितके फूट, तितक्या वेळा १७ इंच घ्यावेत आणि दर १० फुटांमागे सुमारे सव्वादोन सूत वजा करावेत. १० फुटांच्या खोलीला १७० इंच, म्हणजे १४ फूट २ इंच, त्यातून सव्वादोन सूत कमी. हे तोंडी होते आणि मिस्त्रीला लगेच पटते.

बौधायनाने दिलेली रीत याच्याच पुढची आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, मग त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. १२ फुटांच्या चौरस खोलीवर ही रीत लावून पाहावी : १२ मध्ये तिसरा भाग ४ मिळवला की १६, ४ चा चौथा भाग १ मिळवला की १७ फूट, आता त्या एका फुटाचा चौतिसावा भाग, म्हणजे ०.३५ इंच किंवा जेमतेम ३ सूत, वजा केला की १६ फूट ११ इंच ५ सूत राहतात. कॅल्क्युलेटरही सुतापर्यंत हेच उत्तर देतो. ३० मीटरच्या चौरसात या रीतीने येणारा फरक मिलीमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी आहे, आणि एवढे बारीक माप खुंटीच्या खिळ्यालाही दाखवता येत नाही.

उलट गणितही कधी लागते. चौरसाचा कर्ण माहीत असेल तर त्याला ०.७०७१ ने गुणून बाजू मिळते. आयताचा कर्ण आणि एक बाजू माहीत असेल तर कर्णाच्या वर्गातून बाजूचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढावे. टीव्ही घेताना सांगितला जाणारा आकडाही कर्णाचाच असतो. ३२ इंची, १६ बाय ९ प्रमाणाचा पडदा सुमारे २७.९ इंच रुंद आणि १५.७ इंच उंच असतो, हे कोनाडा ठेवण्याआधी माहीत असलेले बरे.

जमिनीवर : दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय फक्की नको

गणित कागदावर पूर्ण झाले म्हणजे काम संपले असे नाही. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर एक बारीक खिळा मारावा आणि सर्व मापे खिळ्यापासून खिळ्यापर्यंत घ्यावीत. खुंटी दोन-अडीच इंच जाड असते आणि तिच्या कोणत्या कडेपासून मोजले हे दर वेळी बदलते. सुती किंवा नायलॉनची दोरी ताणली की लांबते, म्हणून दोरी फक्त रेघेसाठी वापरावी आणि माप टेपनेच घ्यावे. टेपच्या टोकाचा हुक थोडा हलतो आणि खिळ्यावर तो नीट बसत नाही. त्यामुळे एका माणसाने १ फुटाची खूण खिळ्यावर धरावी आणि शेवटी मापातून १ फूट वजा करावा. दोन्ही कर्ण याच पद्धतीने आणि सारख्याच ताणाने मोजावेत.

आता कोपऱ्यांना क्रमाने अ, ब, क, ड अशी नावे देऊ. रस्त्याच्या बाजूची अब ही रेघ पक्की धरावी. बक आणि अड या बाजू सारख्या आहेत ना, डक ही अबइतकी आहे ना, हे आधी पाहावे. त्यानंतर अक आणि बड हे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे भरले आणि गणिताने काढलेल्या आकड्याशी जुळले तर चारही कोन काटकोन आहेत, आखणी गुण्यात आहे.

कर्ण जुळले नाहीत तरी खुंट्या उपटून पुन्हा सुरुवात करण्याची गरज नसते. बाजू बरोबर असतील तर एक कर्ण जितका कमी भरतो, तितकाच दुसरा जास्त भरतो, आणि खरे माप त्या दोघांच्या जवळजवळ मध्यावर असते. माझ्या कोठ्यात एक कर्ण २८ फूट ८ इंच ४ सूत होता, तेव्हा दुसरा २८ फूट ११ इंच ६ सूत असणारच होता. तो मोजला असता तर ३ इंच २ सुतांचा फरक त्याच क्षणी दिसला असता, आणि दोन्हींचा मध्य काढला असता तर २८ फूट १० इंच १ सूत हे खरे उत्तर कॅल्क्युलेटरशिवायच मिळाले असते. अक कमी आणि बड जास्त असेल तर ड आणि क या दोन्ही खुंट्या मागच्या रेघेवरच, ड कडून क कडे, एकत्र सरकवाव्यात. किती सरकवाव्यात? कर्णांतल्या फरकाच्या निम्म्याला कर्णाने गुणून अब या बाजूने भागावे. येथे निम्मा फरक १ इंच ५ सूत, २८.८४ ने गुणून २४ ने भागल्यावर जवळपास २ इंच. दोन्ही खुंट्या तेवढ्या सरकवून बाजू आणि कर्ण पुन्हा मोजावेत.

येथे एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. फक्त कर्ण सारखे आहेत म्हणून आखणी आयताकृती झाली असे समजू नये. गावठाणातले अनेक प्लॉट समोर अरुंद आणि मागे रुंद, म्हणजे गोमुखी, असतात. समोर ३० फूट आणि मागे ३२ फूट असलेल्या प्लॉटच्या दोन्ही तिरप्या बाजू सारख्या असल्या तर त्याचे दोन्ही कर्णही सारखेच भरतात, पण त्यात एकही काटकोन नसतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, या दोन्ही गोष्टी मिळून आयत सिद्ध होतो. एकट्या कर्णाने होत नाही आणि एकट्या बाजूंनीही होत नाही.

पहिला कोपरा बसवताना मिस्त्री ३-४-५ चे माप वापरतात. एका रेघेवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर ५ फूट झाले की कोपरा काटकोनात. पद्धत अचूक आहे, पण माप लहान घेऊ नये. एक फुटी गुण्याने (काटकोनी पट्टीने) कोपरा बसवला आणि त्यात एका सुताचा फरक राहिला तर २४ फुटांवर तो ३ इंच होतो. म्हणून जागा असेल तेथे ९-१२-१५ किंवा १२-१६-२० घ्यावे. या ३-४-५ च्याच पटी आहेत. अरुंद आणि लांब जागेत ५-१२-१३ चे माप चांगले पडते, आणि मध्यम जागेत ८-१५-१७ चे.

वावरात : शेततळे आणि संत्र्याची बाग

घराच्या आखणीत जमीन बहुतेक सपाट करून घेतलेली असते. वावरात तसे नसते. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याचा कर्ण ४२.४३ मीटर. या अंतरात जमीन दीड मीटरने उतरत असेल आणि टेप जमिनीला लावून मोजला, तर अडीच सेंटीमीटरहून थोडा अधिक फरक पडतो, आणि एक कर्ण उताराच्या दिशेने व दुसरा आडवा असल्यामुळे आखणी बरोबर असूनही कर्ण चुकीचे वाटतात. अशा वेळी टेप आडवा, पाण्याच्या पातळीत धरावा, खालच्या बाजूच्या टोकाला ओळंबा सोडावा आणि ओळंब्याचे टोक खुंटीच्या खिळ्यावर आणावे. अंतर जास्त असेल तर टेपला झोळ पडतो. मग मधल्या खुंट्या एका रेषेत घेऊन टप्प्याटप्प्याने मोजावे.

शेततळ्याला कर्णाचा आणखी एक उपयोग आहे, आणि मला तो फार आवडतो. तळ्याच्या बाजू तिरप्या उतरत जातात, म्हणून तळाचा चौरस वरच्यापेक्षा लहान असतो. खोली ३ मीटर आणि उतार एकास दीड धरला तर प्रत्येक बाजूने साडेचार मीटर आत जावे लागते आणि तळ २१ बाय २१ मीटरचा राहतो. हा आतला चौरस वेगळा आखत बसण्याऐवजी वरच्या चौरसाचे दोन्ही कर्ण दोरीने ताणावेत आणि प्रत्येक कोपऱ्यापासून कर्णावर ६.३६ मीटर आत खूण करावी. साडेचार गुणिले १.४१४२ म्हणजे ६.३६. चार खुणा म्हणजे तळाचे चार कोपरे. पडताळा म्हणून समोरासमोरच्या खुणांमधले अंतर मोजावे, ते २९.७० मीटर आले पाहिजे. ही खूण पोकलेन उतरण्याआधी करून ठेवली की खोदकाम एका बाजूला सरकत नाही आणि अस्तरीकरणाचा कागद चारही बाजूंना सारखा पुरतो.

वरूड, मोर्शी, काटोल या पट्ट्यात संत्र्याची लागवड ६ बाय ६ मीटरवर करतात. हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. खड्डे खोदण्याआधी कर्ण तपासायचा तर प्रथम बाजू नीट मोजावी. एका ओळीत १० झाडे असली तर पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या खड्ड्यापर्यंतचे अंतर ६० मीटर नसते. झाडे १० असली तरी मधली अंतरे ९ असतात, म्हणून बाजू ५४ मीटर. दहा बाय दहा झाडांच्या तुकड्याचा कर्ण त्यामुळे ७६.३७ मीटर येतो. ६० मीटर धरून काढलेला कर्ण ८४.८५ मीटर येतो, आणि तो जुळवण्याच्या खटपटीत चांगली आखणी बिघडते. चारही कोपऱ्यांच्या खुंट्या पक्क्या झाल्यावर कोपऱ्यातल्या खुंटीमागे उभे राहून समोरच्या कोपऱ्याकडे पाहावे. आखणी गुण्यात असेल तर मधल्या आठही खुंट्या एकामागे एक लपतात. एखादी बाहेर दिसली तर तेवढीच हलवावी. शेजारच्या दोन झाडांमधले तिरपे अंतर ८.४९ मीटर असते, आणि चार झाडांच्या बरोबर मध्ये भरीचे झाड लावायचे असेल तर त्याची जागा दोन कर्ण जेथे छेदतात तेथे, प्रत्येक झाडापासून ४.२४ मीटरवर असते.